हाडे ठिसूळ झाली? आधी बाकीच्या आजारांची फाईल उघडा

मावशीचे मनगट मोडले ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी. माटोळी (गणपतीच्या वर फळा-पानांनी सजवायची लाकडी चौकट) बांधायला मुलगे स्टुलावर चढले होते आणि मावशी खाली उभी राहून त्यांच्या हातात सुपारीचे घोस देत होती. आंब्याचे ओले टाळे फरशीवर पडले होते, त्यावरून तिचा पाय सरकला. पडली ती जेमतेम स्वतःच्या उंचीवरून. हात टेकला आणि मनगट गेले. प्लास्टर झाले, "वय झाले आता, कॅल्शियम घ्या" अशी चिठ्ठी मिळाली. वय होते एकसष्ट.

प्लास्टर काढायच्या आदल्या रात्री मी तिची औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. सांधेवातासाठी प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, चार वर्षे रोज. थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी, आणि टीएसएचचा (थायरॉईड नीट चालतो का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट तीन वर्षांपूर्वीचा. पोटाच्या गॅसवरची पँटोप्राझोल रोज सकाळी, ती कोणी सुरू केली ते तिलाही आठवेना. शिवाय बेचाळिसाव्या वर्षी गर्भाशयाची पिशवी काढलेली. ही सगळी औषधे तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून आलेली. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच औषध दिले होते, पण तिघांपैकी एकालाही बाकीच्या दोघांची खबर नव्हती. मनगट जोडणाऱ्याने तर औषधांची पिशवी बघितलीच नाही.

दुसऱ्या आजारामुळे किंवा त्याच्या औषधामुळे हाडांची घनता कमी होते, त्याला दुय्यम ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी गेल्यावर हाडे झिजतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे साठीच्या बाईचे हाड मोडले की कोणी पुढे विचारत नाही. पुरुषांत आणि पाळी चालू असलेल्या बायकांत तर निम्म्याहून अधिक वेळा असे दुसरे कारण सापडते. ते न शोधता हाडाची गोळी सुरू करणे म्हणजे गळक्या कळशीत पाणी भरत राहणे. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. औषधे त्यात बरीच खाली येतात.

पहिले काम: एक कागद

वहीचे एक पान घ्या, मोबाईलवर नको. डॉक्टर कागद हातात घेऊन वाचतात, मोबाईल पुढे केला की "हो हो" म्हणतात. प्रत्येक औषधाची स्ट्रिप समोर ठेवून नाव, डोस आणि कोणत्या वर्षापासून चालू आहे ते लिहा. बंद झालेली औषधेही लिहा. दहा वर्षांपूर्वी दम्यासाठी वर्षभर स्टेरॉईड घेतले असेल तर तेही मोजले जाते.

स्टेरॉईड ओळखणे हे इथले मुख्य काम, कारण स्ट्रिपवर "स्टेरॉईड" असे लिहिलेले नसते. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावे शोधा. मिलिग्रॅम कमी दिसले म्हणून फसू नका. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमच्या तोडीला मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकॉर्ट ६ आणि डेक्सामेथासोन अवघे पाऊण मिलिग्रॅम पुरते. गुडघेदुखीवर कोणाकडून बिनलेबलच्या पुड्या घेतल्या असतील आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखे बरे वाटले असेल, तर तेही न लाजता लिहा. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले अनेकदा सापडले आहे.

कागदाच्या खालच्या भागात हे असू द्या: आतापर्यंत कोणते हाड किती साध्या कारणाने मोडले, पाळी कोणत्या वर्षी थांबली, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, दारू-तंबाखू किती, मुतखडा झाला होता का. गर्भाशयाच्या पिशवीचे ऑपरेशन झाले असेल तर जुने डिस्चार्ज कार्ड काढा आणि अंडाशयेही काढली होती का ते बघा. "पिशवी काढली" एवढेच बायका सांगतात, पण हाडांच्या दृष्टीने खरा प्रश्न अंडाशयांचा आहे. ती दोन्ही काढली असतील तर पाळी त्याच दिवशी गेली असे धरायचे. मावशीच्या कार्डावर दोन्ही काढल्याचे स्पष्ट लिहिले होते. एकोणीस वर्षे ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये होते.

पेन्सिलची खूण

दुसरे काम घरीच होते आणि फुकट आहे. अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभे करा, डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरा आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून तारीख घाला. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी भरली, किंवा आधी मोजलेल्या उंचीपेक्षा दोन सेंटीमीटर घटली, तर मणक्याचा एक्स-रे मागा. मणक्याची बरीचशी फ्रॅक्चर्स दुखतच नाहीत. माणूस बुटका होतो, पाठीला बाक येतो, पोट पुढे येते आणि घरचे म्हणतात वयाने वाकली. असे एक मुके फ्रॅक्चर सापडले तरी ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते, मग डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनचा) आकडा काही का येईना.

कोणता आजार हाडांचे काय करतो

स्टेरॉईडपासून सुरुवात करते, कारण औषधांमुळे होणाऱ्या हाडांच्या झिजेत त्याचा नंबर पहिला. प्रेडनिसोलोन रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिने किंवा अधिक काळ घ्यायचे असेल तर हाडांची तपासणी व्हायला हवी, असे संधिवाततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गंमत अशी की सर्वांत वेगाने झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि आपण तपासणीचा विचार करतो तो चार वर्षांनी. त्यामुळे घरात कोणाला आज स्टेरॉईड सुरू झाले असेल तर "हाडांसाठी काय करायचे?" हे त्याच भेटीत विचारा. मात्र हे वाचून स्टेरॉईड स्वतःहून थांबवू नका. बरेच दिवस बाहेरून मिळाले की शरीर स्वतःचे स्टेरॉईड बनवणे कमी करते. औषध एकदम तोडले तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकते. डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांनी. दम्याच्या पंपाने गोळ्यांच्या मानाने फारच कमी स्टेरॉईड रक्तात जाते, म्हणून पंपाला घाबरून गोळ्यांकडे वळणे हा उलटा व्यवहार आहे.

थायरॉईडचे दोन प्रकार आहेत. ग्रंथी जास्त काम करत असेल तर हाडे झिजतात. ग्रंथी कमी काम करते म्हणून गोळी चालू असेल आणि गोळीचा डोस जास्त झाला असेल तरी तेच होते. थायरॉईडचे हार्मोन जास्त झाले की टीएसएच उतरतो. तो ०.१ च्या खाली बराच काळ राहिला तर हाडे आणि हृदय दोन्हींना त्रास. थायरॉईडच्या कॅन्सरनंतर काहींचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, ते वेगळे. बाकीच्यांनी निदान वर्षातून एकदा तपासावा. मावशीचा निघाला ०.०६. मधल्या काळात तिचे वजन सात किलोंनी उतरले होते आणि गोळी जुन्या वजनाचीच चालू होती.

सांधेवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. इथे औषधच नव्हे, आजारही हाड खातो, कारण अंगातली सूज हाड मोडणाऱ्या पेशींना चेतवते. गुडघ्याच्या वयोमानाच्या झिजेचा याच्याशी संबंध नाही, जरी बोलीत दोन्हींना आपण वातच म्हणतो.

मधुमेहावर गोव्यात थोडे थांबायलाच हवे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत गोव्यातले मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. टाइप २ मधुमेहात डेक्साचा आकडा बऱ्याचदा ठीक, कधी तर चांगला येतो, तरीही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. हाडाचा ऐवज तोच असतो, पण प्रत बिघडते. त्यात पायांची बधिरता, अधू नजर आणि साखर एकदम उतरल्याने येणारी चक्कर, म्हणजे पडायला निमित्तच निमित्त. पायोग्लिटाझोन हे साखरेचे औषध हाडांना बाधते. ज्याचे हाड आधीच मोडले आहे त्याने त्याला पर्याय विचारावा.

पॅराथायरॉईड या थायरॉईडमागच्या चार छोट्या ग्रंथी. त्यांपैकी एखादी बिघडली की हाडातले कॅल्शियम काढून रक्तात सोडते. रक्तात कॅल्शियम जास्त, लघवीत जास्त, म्हणून मुतखडे. वारंवार मुतखडा होणाऱ्याचे हाड मोडले तर आधी हे आठवावे. ऑपरेशनने ग्रंथी काढली की हाडांची घनता पुन्हा सुधारू शकते. कारण शोधल्याचा इतका रोख फायदा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुष हार्मोन दाबणारी इंजेक्शने: दोन्हींत हाडे झपाट्याने उतरतात, म्हणून उपचार सुरू होतानाच डेक्सा व्हावी. फिट्सवरची फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही औषधे ड जीवनसत्त्व लवकर संपवतात. किडनीचा जुना आजार असेल तर हाडांचे गणितच बदलते. फॉस्फरस आणि पॅराथायरॉईड हार्मोन बघितल्याशिवाय नेहमीची औषधे द्यायची नसतात, तिथे किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याविना काही करू नका. यकृताचे जुने आजार, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुना आजार, आतड्यांची सूज, वजन कमी करण्याचे पोटाचे ऑपरेशन, थॅलेसेमिया, एचआयव्हीवरचे टेनोफोव्हिर, पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे बसून गेलेले अंग, ही यादी लांबते. पोटाच्या गॅसवरची पँटोप्राझोल वर्गातली गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ती खरोखर हवी आहे का एवढा प्रश्न करा. मावशीची ती सुटली, नुसती रात्री आठला जेवायची सवय लावून.

आणि पुरुषांसाठी: काजूची फेणी घरची असली म्हणून हाडाला ती वेगळी लागत नाही. रोजचे दोनाहून जास्त पेग हा हाड मोडण्याचा स्वतंत्र धोका आहे.

डेक्सा: आकडे कसे वाचायचे

घनता मोजायची खात्रीची तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. दहा-वीस मिनिटे आडवे पडायचे, सुई नाही, किरणे अगदी थोडी. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा. नुकताच बेरियमचा एक्स-रे किंवा डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर एक-दोन आठवडे जाऊ द्या. हुक, चेन, नाडीतली पिन काढून ठेवा. शिबिरांत टाचेला जेल लावून करतात ती तपासणी ही नव्हे. टाचेच्या अल्ट्रासाऊंडवरून निदानही करायचे नसते, औषधही ठरवायचे नसते. त्या कागदावर लाल पट्टी बघून घाबरलेली आणि हिरवी बघून निर्धास्त झालेली, दोन्ही प्रकारची माणसे मी पाहिली आहेत.

रिपोर्टमध्ये दोन स्कोअर असतात. पाळी गेलेल्या बाईचा आणि पन्नाशीपुढच्या पुरुषाचा टी-स्कोअर बघायचा: उणे १ आणि त्यावर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये घनता कमी म्हणजे ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. कंबर आणि खुबा यांतला सर्वांत खालचा आकडा धरतात. त्याहून तरुण माणसात झेड-स्कोअर बघतात. तो उणे २ किंवा खाली असेल तर वयाच्या मानाने हाड कमी आहे, आणि अशा वेळी दुसरे कारण शोधल्याशिवाय थांबू नये. साठीतल्या माणसाचाही झेड-स्कोअर फार खाली असेल तर तोच इशारा.

यात दोन खाचा आहेत. म्हातारपणी कमरेच्या मणक्यांना काटे फुटलेले असतात, त्यामुळे कमरेचा आकडा खोटा चांगला येतो, तेव्हा खुब्याचा धरा. आणि पॅराथायरॉईडचा संशय असेल तर मनगटाजवळच्या हाडाचीही डेक्सा करायला सांगा, कारण तो आजार तिथे आधी दिसतो.

ऑस्टिओपेनिया आला की औषध हवे की नको, यासाठी डॉक्टर फ्रॅक्स नावाचे, पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढणारे गणित वापरतात. त्याचे भारतासाठीचे कोष्टक आहे. त्यात स्टेरॉईड आणि सांधेवाताला वेगळ्या चौकटी आहेत, टाइप २ मधुमेहाला नाही. म्हणून काही डॉक्टर मधुमेह्यासाठी सांधेवाताच्या चौकटीवर खूण करून धोका काढतात. विचारायला हरकत नाही.

रक्ताच्या तपासण्या, औषधाच्या आधी

हिमोग्राम, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी तपासणी), कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, ड जीवनसत्त्व, टीएसएच. हा पाया. बऱ्याचशा सरकारी दवाखान्यातही होतात. पॅराथायरॉईड हार्मोन, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, चोवीस तासांच्या लघवीतले कॅल्शियम, हे पहिल्या फेरीचे निकाल बघून. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्या टीएसएच आणि पॅराथायरॉईडचे आकडे बिघडवतात.

निकाल हातात आले की तीन जोड्या बघा. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले, फॉस्फरस किंवा कॅल्शियम कमी, ड अगदी तळाला, आणि पाटावरून उठताना मांड्या साथ देत नाहीत: हे ऑस्टिओपोरोसिस नसून हाडे मऊ होण्याचा आजार असू शकतो. डेक्सा त्यातही कमीच येते, पण इलाज ड आणि कॅल्शियम हा. हाडाचे जोरदार इंजेक्शन त्यात दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला उतरू शकते. दुसरी जोडी, हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप वाढलेला, क्रिएटिनिन चढलेले आणि रात्री छळणारी पाठदुखी: अस्थिमज्जेच्या मायलोमा या कॅन्सरची तपासणी लगेच व्हावी. तिसरी, लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारे पंडुरोगासारखे लक्षण आणि सततचे पोट बिघडणे: गव्हाची अॅलर्जी म्हणतात तो सीलिअॅक आजार. त्याची रक्ततपासणी होईपर्यंत पाव-चपाती बंद करू नका, नाहीतर निकाल खोटा नकारार्थी येतो.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाणार असाल तर कागदाच्या दोन प्रती न्या. ऑर्थोच्या ओपीडीतून मेडिसिनला आणि तिथून पुढे पाठवणी होते तेव्हा एक प्रत केसपेपरला टाचलेली बरी.

स्वयंपाकघरातला हिशेब

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या बाईला १२००. मावशीचा एक दिवस आम्ही मोजला. चहात मिळून दीड कप दूध म्हणजे दोनशेच्या आसपास. दुपारी वाटीभर दही, दीडशे. सकाळी नाचण्याचे तिजाण, साधारण चाळीस ग्रॅम पीठ, म्हणजे एकशेचाळीस. पेजेबरोबर गालम्याची (सुक्या बारीक कोळंबीची) किसमूर, भाजी, कडधान्य वगैरे मिळून आणखी शे-दीडशे. बेरीज साडेसहाशेच्या आत. उरली साडेपाचशेची तूट. म्हणजे गोळी एकच हवी होती, आणि ती घेत होती दोन, वर एक टॉनिक.

तूट आधी ताटातून भरा. काट्यासकट खाता येतील अशी लहान मासळी, मोतयाळे, छोटी तारली, वाळवलेले गालमे. शाकाहारी घरात नाचणी, तीळ, कुळीथ, शेवग्याचा पाला. तांबडी भाजी आणि पालक चांगलेच, पण त्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम पुरते अंगी लागत नाही. सुक्या मासळीत मीठ फार, बीपी असेल तर धुऊन आणि बेताने.

गोळीबद्दल थोडेसे. डब्यावर "कॅल्शियम कार्बोनेट १२५०" लिहिले असेल तर त्यात खरे कॅल्शियम ५०० असते. एका वेळी ५०० पेक्षा जास्त शरीर नीट शोषत नाही. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचे. गॅसची गोळी चालू असेल तर सायट्रेट बरे. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास ठेवा. मावशी दोन्ही एकत्र चहाबरोबर गिळत असे, म्हणजे थायरॉईडची गोळी काही अंशी वाया. हे सुधारले की थायरॉईडची गोळी जास्त लागू पडते, म्हणून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा बघावाच लागतो.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायची असते, सहसा आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला. ती रोज घेऊन उलट्या आणि किडनीच्या त्रासाने दवाखान्यात पोचणारे असतात. पाकिटावर पेनने "रविवार" लिहून टाका. उन्हाबद्दल म्हणाल तर आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळेचे ऊन कामाचे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाने मन प्रसन्न होते, ड बनत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तेही मिळत नाही, तेव्हा पावसाळ्यात पुडीच्या वेळापत्रकात खंड नको.

हाडांची औषधे

अॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्याला एक गोळी, हे इथल्या औषधांत सर्वांत जुने आणि स्वस्त. पण घ्यायची पद्धत चुकली तर अन्ननलिका सोलवटते. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहा नको, दूध नको, नारळपाणीही नको. पुढे अर्धा तास ताठ बसायचे किंवा चालायचे, आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. मावशीने पहिल्याच रविवारी गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली आणि पुन्हा अंथरुणात शिरली. तीन दिवस छातीत जळजळ. "अगो, गोळीच मेली वाईट!" मग आम्ही तिला सोप्यावर खुर्चीत बसवून हातात पेपर दिला. पेपर संपला की चहा. गोळी तीच, जळजळ गेली. ज्याला मुळातच गिळायला त्रास आहे किंवा अर्धा तास ताठ बसता येत नाही, त्याला ही गोळी नकोच.

त्याला पर्याय झोलेड्रोनिक अॅसिड, वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम सलाईनमधून. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने भागते. आधी ड आणि कॅल्शियम भरलेले हवे, पाणी भरपूर प्यायलेले हवे. किडनीची कार्यक्षमता (क्रिएटिनिन क्लिअरन्स) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे देत नाहीत.

डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. याची तारीख पाळणे हाच अर्धा उपचार. सात महिन्यांपलीकडे लांबवले किंवा "आता बरे आहे" म्हणून सोडले, तर दबलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. थांबवायचेच असेल तर जागी दुसरे औषध लावून. म्हणून पुढची चार-पाच वर्षे खर्च आणि फेऱ्या जमतील का हे पहिल्या इंजेक्शनआधी ठरवा, नंतर नव्हे. डायलिसिसवरच्या रुग्णात ते कॅल्शियम भयंकर उतरवू शकते. टेरिपॅराटाइड हे रोजचे इंजेक्शन नवे हाड बनवते, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि त्यानंतर हाड टिकवणारे औषध घ्यावेच लागते. महाग आहे, पण स्टेरॉईडवर असताना मणके मोडलेल्यांत विचार करण्याजोगे.

यातले झीज रोखणारे कोणतेही औषध सुरू करण्याआधी दातांचे काम उरकून घ्या. दात काढायचा राहिला असेल तर आधी. जबडा न भरून येणे हा विरळा पण चिवट त्रास आहे, कॅन्सरच्या मोठ्या डोसात जास्त. आणि बरीच वर्षे औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत खोल दुखू लागले तर एक्स-रे काढा, मांडीच्या हाडाला चीर गेलेली असू शकते.

पडू नये म्हणून

पावसात आपल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. चतुर्थीची साफसफाई करतो तेव्हा ते घासतो, म्हणजे अडीच महिने उशिरा. जुलैतच ब्लीचिंग पावडर टाकून घासा. न्हाणीत भिंतीला पक्का दांडा बसवा, टॉवेलचा नको, तो वजनाने निघतो. रात्री लघवीला जायच्या वाटेवर दिवा. उठल्याबरोबर चालू न पडता पलंगाच्या काठावर मिनिटभर बसणे. झोपेची गोळी, बीपीची गोळी, मोतीबिंदू यांची चौकशी त्याच कागदावर.

मणका मोडलेल्याने पुढे वाकून वजन उचलायचे नाही. मावशीची आदोळी (नारळ खवायची विळी) आम्ही जमिनीवरून टेबलावर आणली. तिला आठवडाभर अपमान वाटला, आता तिथेच नारळ खवते. योगवर्गात पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कारातले पूर्ण वाकणे वगळायला सांगा. रोज अर्धा तास चालणे, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणे-बसणे, भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे, पाठ ताठ करणारे व्यायाम, एवढे पुरते.

घरातल्या ज्येष्ठांचे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे ना, तेही याच फेरीत बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचे कवच आहे. खुबा मोडला तर ऑपरेशन लवकरात लवकर व्हावे लागते, तेव्हा कार्ड शोधत बसायला नको.

पुढच्या तारखा

औषध बदलले किंवा सुरू झाले की दीड ते तीन महिन्यांत रक्त पुन्हा तपासा: टीएसएच, कॅल्शियम, ड. उंची दर सहा महिन्यांनी त्याच चौकटीवर. डेक्सा एक ते दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर, कारण दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. स्टेरॉईडचा डोस वाढला तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा. अचानक पाठीत कळ, पायांत बधिरता किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यात मात्र तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मावशीचे प्रेडनिसोलोन संधिवाताच्या डॉक्टरांनी सांध्यांचे दुसरे औषध वाढवून आठ महिन्यांत अडीचवर आणले. थायरॉईडची गोळी ७५ ची झाली. पहिल्या डेक्सात कमरेचा टी-स्कोअर उणे ३.१ होता, दोन वर्षांनी उणे २.८. दाराच्या चौकटीवरच्या पाच खुणा अजून एकाच रेघेत आहेत. यंदा घराला रंग काढताना तेवढा चौकटीचा तुकडा तिने रंगवू दिला नाही.